"सगळं जीन्समध्येच लिहिलंय" म्हणे! नानांचं चालणं बंद पाडणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी अमळनेरला गेले तर सकाळी सव्वासातला नाना, म्हंजे माझे वडील, ओट्यावर बसलेले. ज्यांना नाना माहिती नाहीत त्यांना यात काही विशेष वाटणार नाही, पण हा माणूस एसटीतून रिटायर झाल्यापासून, म्हंजे गेली १४ वर्षं, रोज पहाटे साडेपाचला घर सोडतो, प्रताप कॉलेजच्या ग्राउंडला तीन-चार चकरा, मग दोस्त मंडळींबरोबर चहा, मग पेपर, साडेसातच्या आत घरात दिसतच नाही. मला वाटलं ताप-बिप आला. विचारलं तर म्हणे, "आते काय फायदा व बाई, रगतमाच शे ते." (रक्तातच आहे ते.) आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

मेसेज खूप जणांकडे आला असेल, कारण माझ्या सासरच्या चोपड्याच्या ग्रुपवर पण तोच फिरतोय आणि आमच्या स्टाफ ग्रुपवर पण कुणीतरी टाकला होता. मोठ्ठा आहे, लाल टिकल्या लावून मुद्दे पाडलेत. थोडक्यात असा: अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाने सिद्ध केलंय की म्हातारपणातली ताकद आणि बुद्धी १००% जीन्सवर (जनुकांवर) असते. ६० नंतर चालणं, व्यायाम याचा काही उपयोग नाही, उलट हृदयाचे ठोके देवाने मोजून दिलेत आणि चालून ते लवकर संपतात. आईला किंवा वडिलांना विसरण्याचा आजार असेल तर तुम्हाला तो होणारच, औषधं-गोळ्या हा डॉक्टरांचा धंदा. बुद्धी जन्मताच ठरते, म्हातारपणी वाचून-शिकून काही होत नाही. आपले पूर्वज न चालता-फिरता शंभर वर्षं जगले. आणि शेवटी एक लिंक, थुंकी पाठवा, जीन तपासून तुमचं भविष्य सांगतो, ज्येष्ठांना सवलत.

मी जळगावला अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचे वाटाणे दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी पोरांना सांगते की उंच-बुटकं, गोल-सुरकुतलेलं हे वाटाण्याचं ठीक आहे, माणसाची ताकद आणि डोकं असं एका जीनवर चालत नाही, शेकडो-हजारो जीन्स थोडं थोडं ढकलतात आणि त्यात आयुष्यभराचं खाणं, काम, आजारपण, शाळा सगळं मिसळतं. आणि माझ्याच घरात माझा बाप हा मेसेज वाचून घरी बसला. तीन आठवडे! मला कोणी सांगितलंही नाही.

आता विद्यापीठ कोणतं, संशोधन कुठे छापलं, कोणत्या साली, यातलं एक अक्षर मेसेजमध्ये नाही. मग मी एक नाव-गाव असलेलं सांगते. स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ ला एक गोष्ट झाली. १९२१ साली जन्मलेली जितकी पोरं त्या दिवशी शाळेत होती त्या सगळ्यांची एकाच दिवशी बुद्धीची परीक्षा घेतली, ८७,४९८ पोरं. नंतर त्या वह्या पडून राहिल्या. साठ-पासष्ट वर्षांनी त्या पुन्हा हाती लागल्या आणि एडिनबरा विद्यापीठाच्या इयान डिअरी यांच्या टीमने त्यातली जिवंत असलेली माणसं शोधून काढली, ७९ वर्षांची झालेली, आणि परत परीक्षा घेतली. एकाच माणसाचे ११ व्या वर्षीचे मार्क आणि ७९ व्या वर्षीचे मार्क शेजारी शेजारी! असा माल जगात फार कमी ठिकाणी आहे.

त्यातल्या ४६० जणांवरचा संशोधनाचा पेपर २००६ मध्ये न्यूरोलॉजी नावाच्या जर्नलमध्ये आला. शरीराचा फिटनेस तीन साध्या गोष्टींनी मोजला होता: सहा मीटर चालायला किती सेकंद लागतात, हाताची पकड किती घट्ट, आणि फुप्फुसातून जोरात किती हवा बाहेर फेकता येते. बस. लहानपणची हुशारी आधी हिशोबात धरली, शिक्षण धरलं, घरची परिस्थिती धरली, अल्झायमर या विसरण्याच्या आजाराशी जोडलेला एपीओई जीन सुद्धा धरला. एवढं सगळं वजा करूनही फिटनेसचा म्हातारपणच्या बुद्धीतल्या फरकात वेगळा वाटा उरला, ३ टक्क्यांपेक्षा थोडा जास्त. म्हंजे ११ व्या वर्षी दोन पोरांना सारखेच मार्क असतील, तर ७९ व्या वर्षी ज्याचं शरीर जास्त फिट त्याचं डोकं सरासरीने जास्त चांगलं चालत होतं.

कोणी म्हणेल ३ टक्के म्हंजे काहीच नाही. खरंय, लहान आहे, आणि मी तो फुगवून सांगणार नाही. शिवाय जी पोरं ११ व्या वर्षी हुशार होती त्यांची फुप्फुसं ७९ ला जास्त चांगली निघाली, म्हंजे कोण कुणाला ओढतंय हे एका पेपरवरून सांगता येत नाही. पण मेसेज काय म्हणतो, १००% जीन्स. १००% म्हटल्यावर बाकी कशालाही जागाच राहत नाही, तीन टक्क्यालाही नाही.

आणि त्यांच्यासारख्याच लहानपणी परीक्षा दिलेल्या स्कॉटिश लोकांवर पुढे थेट डीएनए घेऊन काम झालं, २०१२ ला नेचर या जर्नलमध्ये आलं, १,९४० माणसं. प्रश्न असा होता की लहानपणापासून म्हातारपणापर्यंत बुद्धीत जो बदल होतो, कुणाची टिकते, कुणाची घसरते, त्यात जीन्सचा वाटा किती? अंदाज निघाला साधारण २४ टक्के. तोही कच्चा अंदाज आहे, मागेपुढे बराच होऊ शकतो हे त्यांनीच लिहिलंय. तरी उरलेला मोठा भाग जीन्सच्या बाहेरचा दिसतो.

इथे मला एक गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. जीन्सचा वाटा खरंच मोठा असतो. १९९७ साली ८० च्या वरच्या स्वीडिश जुळ्यांच्या २४० जोड्या तपासल्या, त्यात एकूण बुद्धीतल्या फरकाचा ६२ टक्के भाग आनुवंशिक निघाला. आणि व्यायामाचा फायदा सगळ्यांना सारखा होत नाही हेही खरं. अमेरिका-कॅनडात हेरिटेज नावाचा अभ्यास झाला, ज्यांना व्यायामाची सवय नाही अशी ९८ कुटुंबं घेतली आणि २० आठवडे सगळ्यांकडून सारखाच व्यायाम करून घेतला. सरासरीने दमसास वाढला, पण कुणाचा भरपूर वाढला आणि कुणाचा जवळपास हललाच नाही, आणि या फरकात घराण्याचा वाटा जास्तीत जास्त ४७ टक्क्यांपर्यंत दिसला. म्हणून शेजारचे आप्पा दोन महिन्यांत तुरूतुरू चालायला लागले आणि तुम्ही अजून दमता, तर त्यात तुमचा आळस असेलच असं नाही.

पण हे "टक्के" काय असतात ते कोणी समजावून सांगत नाही आणि तिथेच सगळा घोळ होतो. ६२ टक्के म्हंजे तुमच्या डोक्यातला ६२ टक्के भाग जीन्सने बनवला असं नाही हो. माणसा-माणसात जो फरक दिसतो त्यातला किती भाग जीन्सच्या फरकाने आला, एवढंच ते सांगतं, तेही त्या देशात, त्या वयात, तशा परिस्थितीत. चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात केळी लावणाऱ्या माणसाला हे मी एका मिनिटात समजावते. टिश्यू कल्चरची रोपं आणतो ना आपण, ग्रँड नैन जातीची, एका बॅचची सगळी रोपं एकमेकांची कॉपी असतात, जीन्समध्ये काडीचा फरक नाही. मग माझ्या दिरांच्या मळ्यात घड भरतो आणि शेजारच्या मळ्यात, जिथे मे महिन्यात मोटर जळाली आणि पंधरा दिवस पाणी नव्हतं, तिथे त्याच रोपाचा घड हलका का निघतो? जीन्स तेच आहेत. पाणी गेलं. आता कोणी म्हटलं की रोप चांगलं आहे, जे व्हायचं ते रोपातच आहे, ड्रिप बंद करा, तर त्याला बांधावर उभं करतील का?

आता सगळ्यात घातक मुद्दा, आणि माझा खरा राग इथे आहे.

"आईला विसरण्याचा आजार असेल तर तुम्हाला होणारच." माझी आजी, नानांची माय, शेवटची चार-पाच वर्षं कुणाला ओळखत नव्हती. नाना समोर उभे असायचे आणि ती विचारायची, "मना पोऱ्या कोठे गया?" रोज. नानांनी ते सगळं बघितलंय, तिला भरवलंय, रात्री-अपरात्री ती दार उघडून बोरी नदीकडे निघायची तेव्हा मागे पळालेत. हा माणूस त्या मेसेजमधली ती एक ओळ वाचतो तेव्हा त्याच्या पोटात काय होत असेल? मला म्हणाले, माझं पण नाव-गाव जायला लागलंय आता, सुरुवात झाली.

आणि मग कळलं की नुसतं चालणं नाही, बीपीची गोळी पण बंद केलीय. रगतातच आहे तर गोळी कशाला, आणि मेसेजमध्ये लिहिलंच होतं की डॉक्टरांचा धंदा आहे. मी डबी उघडून मोजल्या, १९ गोळ्या जास्त. घरी मशीन होतं, लावलं, १६८ वर १०२.

मी तिथेच खाली बसले. कारण आजीचं काय झालं होतं ते मला माहिती आहे, नानांनाही माहिती आहे पण कधी जोडून बघितलं नाही. आजीला बीपी होतं आणि गोळी मनात आलं तर घ्यायची. पहिला पॅरालिसिसचा अटॅक आला तेव्हा डावा हात गेला, दोन वर्षांनी दुसरा, आणि त्याच्यानंतर तिचं विसरणं सुरू झालं. मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद पडून येणारा डिमेन्शिया (विसरण्याचा आजार) असतो, आपल्याकडे तो भरपूर दिसतो, आणि त्याचा सगळ्यात मोठा मित्र म्हंजे वाढलेलं बीपी. आजीचा आजार होण्याच्या भीतीने नानांनी नेमकी तीच गोष्ट बंद केली जिने तो आजार लांब ठेवता येतो! हे त्या मेसेजने केलं.

अमेरिकेत स्प्रिंट नावाची मोठी ट्रायल झाली, ९,३६१ माणसं, ५० च्या वरची. अर्ध्यांचं वरचं बीपी १४० च्या खाली ठेवायचं आणि अर्ध्यांचं १२० च्या खाली. २०१९ ला निकाल आला, कडक बीपी ठेवलेल्या गटात सौम्य विस्मरणाचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी. डिमेन्शियाही कमी दिसला पण तो आकडा पक्का म्हणावा इतका भक्कम नव्हता, हे पण सांगून टाकते. (१२० हे टार्गेट सगळ्यांना लागू नाही, ते आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचं, मेसेज वाचून नाही आणि माझं लिखाण वाचूनही नाही.)

आता जीन्सचं. हो, काही घराण्यांत अल्झायमर एका जीनच्या बिघाडाने येतो, आई किंवा वडिलांकडून ५० टक्के शक्यतेने, आणि तो जीन आला की आजार जवळजवळ नक्की. ही अर्धी गोष्ट खरी आहे. पण अशी घराणी अत्यंत कमी, एकूण रुग्णांत एक टक्क्याच्या आसपास, आणि तो आजार बहुतेक साठीच्या आतच सुरू होतो. तुमची आई ७८ व्या वर्षी विसरायला लागली तर ते हे नव्हे. म्हातारपणच्या अल्झायमरमध्ये ज्याचं नाव सगळ्यात जास्त घेतात तो एपीओई, एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतो, त्याचे तीन प्रकार, दोन, तीन आणि चार. चार नंबरची एक कॉपी असली तर युरोपियन वंशाच्या लोकांत धोका साधारण तिप्पट, दोन असल्या तर आणखी बराच जास्त. धोका वाढतो, कमी नाही वाढत. पण चार नंबर असूनही म्हातारपणापर्यंत ठणठणीत असलेली माणसं आहेत, आणि अल्झायमर होऊनही चार नंबर नसलेली कितीतरी आहेत. "होणारच" हा शब्द कुठून आणला?

उलट फिनलंडमध्ये काय झालं ते बघा. फिंगर नावाची ट्रायल, ६० ते ७७ वयाची १,२६० माणसं, ज्यांना धोका जास्त आहे अशीच निवडलेली. एका गटाला दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचे सराव आणि बीपी-शुगर-कोलेस्टेरॉलवर लक्ष, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला. २०१५ ला लॅन्सेट या डॉक्टरी जर्नलमध्ये निकाल आला, बुद्धीच्या एकूण मार्कांत पहिल्या गटाची सुधारणा २५ टक्क्यांनी जास्त. मग नंतर त्यांनी वेगळं करून बघितलं की चार नंबरचा जीन असलेल्यांचं काय, त्यांना फायदा झाला का? झाला. म्हंजे ज्यांच्या रगतात ते होतं त्यांनाही.

आता ठोक्यांचं. "देवाने ठोके मोजून दिलेत" हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवलंय, त्यातला एक इंजिनीअर आहे. समजा मोजूनच दिलेत. मग गणित करू. न चालणाऱ्या माणसाची नाडी मिनिटाला ८०, दिवसात १,४४० मिनिटं, झाले १,१५,२०० ठोके. नियमित चालणाऱ्याची बसल्या जागची नाडी हळूहळू उतरते, धरा ७०. तो एक तास चालतो तेव्हा ११० होते, म्हंजे ६,६००. उरलेले २३ तास ७० ने, ९६,६००. बेरीज १,०३,२००. चालणाऱ्याचे रोजचे १२,००० ठोके वाचले! मेसेजच्याच हिशोबाने बघितलं तरी चालणारा फायद्यात.

साठीनंतर उपयोग नाही म्हणे. १९९० साली बोस्टनमध्ये एका वृद्धाश्रमातल्या १० जणांना, सरासरी वय ९०, आठ आठवडे पायाच्या ताकदीचा व्यायाम दिला. नऊ जणांनी पूर्ण केला आणि पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत. नानांना ७२ चालू आहे. आणि २०११ चा अजून एक, १२० म्हातारी माणसं, एका गटाने वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालायचं, दुसऱ्याने नुसतं स्ट्रेचिंग. चालणाऱ्यांचा मेंदूतला आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्यांचा १.४ टक्क्यांनी आटला. आठवणीच्या परीक्षेत मात्र दोन्ही गट सारखेच सुधारले, म्हणून याच्यावर फार उड्या मारू नका. पण "६० नंतर काहीच बदलत नाही" याला एवढं पुरेसं आहे.

एक खरं की छातीत दुखत असेल, चालताना चक्कर किंवा धाप लागत असेल तर आधी डॉक्टर. आणि आपल्या खान्देशात एप्रिल-मेमध्ये आठ वाजल्यानंतर म्हाताऱ्या माणसाने रस्त्यावर निघूच नये, ४५ च्या उन्हात जीन्स वगैरे काही मधे येत नाही.

बुद्धी जन्मताच ठरते यावर वर स्कॉटलंडचं सांगितलंच. लहानपणच्या मार्कांवरून म्हातारपणातल्या फरकाचा साधारण निम्मा हिशोब लागतो, निम्मा लागत नाही.

पूर्वज शंभर वर्षं जगले, न चालता! आमचे पणजोबा बैलाच्या मागे दिवसभर नांगर धरायचे, पणजी पहाटे जात्यावर कळण्याचं पीठ दळायची, मग डोक्यावर दोन हंडे पाणी. त्यांना वेगळं चालायची गरज काय होती? आणि शंभर वर्षं कोण जगलं ते घराण्याच्या वहीत काढून दाखवा, आमच्याकडे तर पन्नाशीत गेलेलेच जास्त.

लिंकबद्दल एवढंच की पैसे पाठवू नका. थुंकीच्या चाचणीत जीनचा प्रकार कळू शकतो, तुम्हाला काय होणार ते कळत नाही. आणि चार नंबर निघाला तर तो कागद हातात घेऊन ७२ वर्षांचा माणूस एकटा घरात बसणार, समजावून सांगायला कोणी नाही. घराण्यात खरंच साठीच्या आत विसरण्याचे आजार असतील तर न्यूरोलॉजिस्टकडे जा, ते गरज वाटली तर चाचणी सांगतील.

पैसे खर्च करायचेच तर बी-१२ तपासा, थायरॉइड तपासा, शुगर बघा, कान तपासा. लॅन्सेट कमिशनने, म्हंजे त्याच जर्नलच्या तज्ज्ञांच्या समितीने, २०२४ मध्ये १४ गोष्टींची यादी दिलीय ज्या सुधारल्या तर जगातला साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येऊ शकतो. त्यात बीपी आहे, शुगर आहे, तंबाखू-सिगारेट, बसून राहणं, एकटेपणा, आणि ऐकू न येणं. सगळं तुम्ही एकटे बदलू शकत नाही, लहानपणी शाळा सुटली ती आता कुठून आणणार, हवेतला धूर तुमच्या हातात नाही. पण कान? आपल्याकडे म्हाताऱ्याला ऐकू येत नाही म्हटलं की लोक जोरात ओरडतात, नाहीतर बोलणंच सोडून देतात.

त्या दिवशी दुपारी अंगणात मी टेपने सहा मीटर मोजून खडूने दोन रेघा मारल्या आणि नानांना म्हटलं नेहमीसारखं चाला. मोबाईलवर टाइम लावला. साडेसहा सेकंद. मग त्यांनी मला विचारलं की हे कशाला, तेव्हा स्कॉटलंडची सगळी गोष्ट सांगितली, ११ वर्षांची पोरं, वह्या, ७९ वर्षांचे म्हातारे. लक्ष देऊन ऐकलं, पण मधेमधे "काय म्हनस?" असं चार-पाच वेळा विचारलं, आणि मला तेव्हा लक्षात आलं की ते हल्ली नावं "विसरत" नाहीयेत, त्यांना नावं ऐकूच येत नाहीयेत. चहाच्या टेबलावर चार माणसं एकदम बोलतात, यांना अर्धं कळतं, मग दुसऱ्या दिवशी कोणी काय सांगितलं ते कसं आठवणार?

सोमवारी सुट्टी टाकली, कान तपासून आणले. दोन्ही कान, बारीक आवाज येतच नाहीत, मशीन लागणार. बीपीची गोळी त्याच रविवारी संध्याकाळी फॅमिली डॉक्टरांना फोन करून परत सुरू केली, त्यांनी दर दोन दिवसांनी मोजून लिहून ठेवायला सांगितलंय, वही माझ्या भावाकडे दिलीय. चालण्याबद्दल मी काही बोलले नाही. रात्री झोपताना नानाच म्हणाले, "देखू सकाय." म्हंजे बघू सकाळी.

मंगळवारी सकाळी सव्वासातला मी फोन केला तर आईने उचलला. म्हणाली, घरात नाहीत.